बाकड्यावरची बरगंडी

बरगंडीचा दुसरा ड्यूक बाहरीनच्या हूरा भागातल्या एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर तासभर मरत होता आणि काही केल्या मरेना. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे, हातवारे करून, प्रसंगी खुर्चीवर चढून. दर वेळी ऐकणारा मध्येच थांबवतो आणि विचारतो, की बरगंडी म्हणजे काय आणि ती बाहरीनमध्ये कशी आली. तेव्हा आता एकदाच, बसून, नीट सांगतो.

बरगंडी माझ्या गाडीतून आली. पुढच्या सीटवर बसून, पट्टा लावून.

माझी मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने इतिहास घेतला होता आणि शाळेने एक लांबलचक निबंध लिहायला सांगितला होता. विषय आपला आपण निवडायचा. वर्गातल्या बाकीच्यांनी महायुद्धं वाटून घेतली. हिने फ्रान्सकडची एक जुनी गादी उचलली: मध्ययुगातलं बरगंडी नावाचं ड्यूकांचं राज्य आणि त्या गादीवर एकामागून एक बसलेली माणसं.

"हेच का गं?" मी विचारलं.

"नोबडी एल्स वॉन्टेड इट," ती म्हणाली.

आमच्या घरात प्रश्न मराठीत जातो आणि उत्तर इंग्रजीत परत येतं. सतरा वर्षं हे सुरळीत चाललं होतं. तिला मराठी सगळं समजतं. आईचं रागावणं समजतं, माझे फोनवरचे विनोद समजतात, समजू नये तेही समजतं. बोलायची वेळ आली की मात्र ती गप्प. तिला वाटतं, आपले उच्चार ऐकून लोक हसतील. आणि हे तिला उगाच वाटत नाही. सहा वर्षांची असताना इथल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमात तिने स्टेजवर चार ओळी म्हटल्या होत्या. तेव्हा पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्याने जो माणूस हसला, तो मी. कौतुकानेच हसलो. पण सहा वर्षांच्या मुलीला हसण्या-हसण्यातला फरक कळत नाही. ती तिसऱ्या ओळीवर थांबली, खाली उतरली, आणि त्यानंतर मराठी बोलायला कधी स्टेजवर चढली नाही. आता जूनमध्ये ती पुण्याला कॉलेजला जाणार होती, आणि ती चौथी ओळ अकरा वर्षं माझ्या घशात अडकून होती.

तर बरगंडी. शाळेतून आणताना ती मला एकेक ड्यूक वाचून दाखवायची. पहिल्याची गोष्ट ऐकताना सिग्नल हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही. हा फ्रान्सच्या राजाचा सगळ्यात धाकटा मुलगा. लढाई हरत चाललेली, थोरले भाऊ मैदानातून निघून गेलेले, आणि हा चौदा वर्षांचा पोरगा बापाच्या अंगाला चिकटून उभा राहून सांगतोय: बाबा, उजवीकडे बघा. बाबा, डावीकडे बघा. बाप शेवटी पकडला गेलाच. पण पोराचं नाव पडलं 'धाडसी', आणि पुढे बरगंडीची गादी वारसावाचून रिकामी झाली तेव्हा बापाने ती त्यालाच दिली.

"हे तर तू करतेस," मी म्हटलं. हूऱ्याच्या गल्लीत मी गाडी मागे घेत असलो की ती काच खाली करते, मान बाहेर काढते आणि मला असंच डावं-उजवं सांगत असते.

"देन आय शुड गेट अ डची," ती म्हणाली. डची म्हणजे ड्यूकची जहागीर.

त्या धाडस्याचा मुलगा 'निर्भय'. त्याने आपल्या चुलतभावाला भर रस्त्यात मारवलं आणि नंतर स्वतः एका पुलावर बोलणी करायला गेला असताना मारला गेला. त्याचा मुलगा 'सज्जन'. त्याने बापाच्या खुनानंतर जन्मभर काळे कपडे घातले, आणि लग्नाबाहेरची मुलं इतकी, की सज्जन हे नाव कोणी दिलं याची चौकशी व्हायला हवी. त्याचा मुलगा 'उतावळा'. याने एका लढाईत खजिना घालवला, दुसऱ्या लढाईत फौज घालवली आणि तिसऱ्या लढाईत, ऐन बर्फात, स्वतःला.

"आणि मग?"

तिने पान उलटलं. उतावळ्याला एकच मूल होतं, मुलगी. एकोणीस वर्षांची. बाप मेला हे तिला धड कळायच्या आत शेजारचा राजा तिची गावं घ्यायला निघाला, आणि तिच्याच शहरातले लोक म्हणाले, आधी या कागदावर सही कर, मग तुझं बघू.

मी जुफैरच्या वळणावर होतो. सहज म्हणून गेलो, "या वर्षी आपण दशावतारात हेच करूया काय?"

"बाबा," ती म्हणाली, "मला ती करायची आहे."

मराठीत. पूर्ण वाक्य. क्रियापदासकट. मी पुढच्या टॅक्सीला लागता लागता वाचलो.

इथे दशावताराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आम्ही सिंधुदुर्गातले, आणि दशावतार हे आमचं नाटक. पेटी, पखवाज, झांज. तोंडाला रंग. सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडं: तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. लिहिलेले संवाद नसतात. रंग लावता लावता एकजण कथा सांगतो, कोणी कोणाला मारायचं ते ठरतं, आणि पुढचं ज्याने त्याने आपल्या तोंडाने निभवायचं. आमच्या गावाची त्यात एक जादा रीत आहे. बाकड्यावर बसलेल्या राजाला दुसऱ्या कोणी उठवायचं नाही. तो आपणहून उठेल किंवा आपणहून पडेल, तेव्हाच त्याचा प्रवेश संपला असं समजायचं.

गावी खेळ उजाडेपर्यंत चालतो, तिथे या रीतीने कोणाचं काही बिघडत नाही. आम्ही मात्र वर्षातून एका शुक्रवारी, दुपारी चार ते सात, हूऱ्यातल्या हॉटेलचा हॉल घेतो. सातनंतर तो दुसऱ्या कोणाच्या वाढदिवसाला दिलेला असतो. हॉटेलचा मॅनेजर केरळचा, अत्यंत सभ्य माणूस. सातला पाच मिनिटं कमी असताना तो येऊन स्विचबोर्डपाशी उभा राहतो आणि सात वाजता दिवे बंद करतो. मागच्या वर्षी आमचा राक्षस अंधारातच मेला. त्याआधीच्या वर्षी मेलाच नाही, तो अजून जिवंत आहे असं धरून चालायचं.

म्हणजे प्रश्न सरळ होता. चार ड्यूक आधी मरणार, मग माझी मुलगी बाकड्यावर बसणार. चौघं वेळेवर मेले तर तिला तिची दहा मिनिटं मिळणार. नाही मेले तर अंधार.

आमच्या घरी बैठक झाली. पहिला आला तो मावशी. मावशी म्हणजे शाळेची बस चालवणारा सहा फुटी गृहस्थ, देवगडकडचा. आमच्याकडे स्त्रीपार्ट पुरुषच करतात, आणि गेली कित्येक वर्षं आमच्या सगळ्या राण्या हाच. त्याने स्टेजवर पदर सावरला की पुढच्या रांगेतल्या बायका आपापला पदर तपासून बघतात. म्हणून सगळे त्याला मावशी म्हणतात, गावाहून फोन करणारी त्याची बायकोसुद्धा. वर्षभर तो मिशी राखतो आणि नाटकासाठी काढतो. दारात उभा राहिला तेव्हा मिशी नव्हती.

"राणी आसा असा कळला," मावशी म्हणाला. "तेव्हा आजच काढून टाकलंय. येताना पोलिसान गाडी थांबवल्यान. कार्ड बघितल्यान, माझा तोंड बघितल्यान, परत कार्ड बघितल्यान. कार्डावर मिशी आसा ना."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मग म्हटलं, "मावशे, या वर्षी राणी ही करणार."

मावशीने माझ्या मुलीकडे बघितलं. मग आपल्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं.

"बोलतलंस कसा? इंग्लिशीत?"

"मराठीत," ती म्हणाली.

"आणि लोक हसले तर?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तर थांबेन. मग परत बोलेन."

मावशीने चहाचा एक घोट घेतला. "मगे माका काय?"

इतिहास कधीकधी फार उपयोगी पडतो. त्या मुलीला एक सावत्र आई होती, आणि त्या कठीण दिवसांत ती तिच्या बाजूने उभी राहिली होती. मी हे मोठ्या उत्साहाने मावशीला सांगितलं.

"सावत्र आई बरी काय वायट?"

"चांगली."

"अरेरे," मावशी म्हणाला. वाईट सावत्र आई हा त्याचा हातखंडा होता. पण मिशी तर गेली होती. तो तयार झाला, आणि त्याच संध्याकाळी त्याने तिला बाकड्यावर बसायला शिकवलं. "राणी बसताना बाकड्याकडे बगना नाय. बाकडा थय आसाच, असा धरून बसायचा."

बाकीचे ड्यूक भराभर ठरले. पहिला, धाडसी, हे काम एका इलेक्ट्रिशियनला दिलं. दुसरा, निर्भय, हे मीना सलमानच्या धक्क्यावर क्रेन चालवणाऱ्या दादाला. दादाचा आवाज असा, की तो वर क्रेनमध्ये बसून खालच्या माणसाशी वॉकीटॉकीशिवाय बोलतो. तिसरा, सज्जन, आमच्या कोकणातला नव्हताच. तो यवतमाळचा. जुफैरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतो, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला त्याचं भाषण सगळ्यात मुद्देसूद असतं. त्याने माझ्या मुलीचा निबंध मागून घेऊन वाचला होता आणि त्यात दोन चुका काढून दिल्या होत्या, म्हणून तिला तो फार आवडायचा.

"मी मनचं नाही बोलणार," त्याने आधीच बजावलं. "इतिहास आहे तो. मी लिहून आणीन अन् तेच बोलीन."

"दशावतारात लिहून आणत नाहीत," दादा म्हणाला.

"म्हणूनच तुमचा राक्षस जिवंत राहते."

चौथा, उतावळा, मी. बापाचं काम बापाने करावं, असं मी म्हटलं, आणि कोणी हरकत घेतली नाही. खरं कारण असं, की मरणाचा सगळ्यात चांगला प्रवेश त्याचाच होता. मी मीना सलमानला जहाजांच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करतो. खोक्यांतून थर्माकोलचे बारीक मणी निघतात, ते मी दोन महिने पोत्यात साठवत होतो. बाहरीनमध्ये बर्फ पाडणारा मी पहिला माणूस ठरणार होतो.

शुक्रवार आला. चारला गणपती झाला, आणि चार वीसला पहिला ड्यूक बाकड्यावर बसला. बेचाळीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन चौदा वर्षांच्या पोराच्या आवाजात "बाबा, उजवीकडे बघा" म्हणतो हे दृश्य ज्याने पाहिलं तो ते विसरणार नाही. त्याने लढाई केली, गादी मिळवली, श्रीमंत बायको केली, चाळीस वर्षं राज्य केलं आणि पाच वाजायला वीस मिनिटं असताना मेला. सबंध दिवसात तोच एक राजा वेळेवर मेला, कारण त्याची पाचला शिफ्ट होती. तोंडावरचा रंग तसाच घेऊन तो जिन्याने धावत गेला.

मग दादा आला.

पूल म्हटला की बाहरीनमधल्या माणसाला एकच पूल आठवतो, समुद्रावरून सौदीला जाणारा. त्याच्या मध्यावर पासपोर्ट तपासतात. आता योगायोग बघा, निर्भय ड्यूक ज्या पुलावर मारला गेला त्याच्याही मध्यावर लाकडी कुंपण घालून बोलण्याची जागा केलेली होती. मी हे दादाला रंग लावताना सांगितलं. तिथेच चुकलो.

दादा बाकड्यावर उभा राहिला. बाकडं म्हणजे पूल. समोरून दोन मारेकरी आले.

"खय चाललास?" दादाने विचारलं.

"तुम्हाला मारायला," एक मारेकरी म्हणाला.

"व्हिसा दाखव."

हॉल कोसळला. मारेकऱ्याने खिसे चाचपले. दादाने त्याला बाजूला उभं केलं, दुसऱ्याला बोटांचे ठसे द्यायला लावले, मग फॉर्म चुकीचा भरलाय म्हणून दोघांना परत पाठवलं आणि रांगेत उभं केलं. ते तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाला, "सिस्टीम मफी. बुकरा." म्हणजे सिस्टीम बंद आहे, उद्या या. मारेकऱ्यांनी शेवटी कंटाळून कुऱ्हाड घातली. दादाने ती काखेत धरली आणि पद म्हणायला सुरुवात केली. पदाला कडवी किती असावीत यावर आमच्यात बंधन नाही.

माझी मुलगी माझ्या शेजारी पडद्याआड उभी होती. हिरवी साडी, कपाळावर चमचमता मुकुट, हातात मोबाइल. तिचे ओठ हलत होते. ती आपली वाक्यं घोळवत होती.

"बाबा, इट्स फाइव्ह थर्टी."

मी पडद्यातून डोकं काढून दबक्या आवाजात म्हटलं, "मर आता."

दादाने पदाच्याच चालीत उत्तर दिलं, "मरतलंय रे, घाई कित्या?" पेटीवाल्याने तेही वाजवलं. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे.

पावणेसहाला मारेकऱ्यांपैकी एकजण बाकड्याच्या कडेला टेकला, त्याचा हात दुखायला लागला होता. दादाला उठवायची कोणाची प्राज्ञा नव्हती, रीतच तशी. शेवटी दुसऱ्या रांगेतून दादाच्या बायकोचा आवाज आला, शांत, घरगुती, भाजी चिरताना यावा तसा.

"अहो, मरा आता. पोरांचो होमवर्क रवलोहा."

दादाने बायकोकडे बघितलं. मग आपणहून पडला.

सहाला दहा कमी. अजून सगळं सावरण्यासारखं होतं. काळा सूट घालून यवतमाळचा सज्जन बाकड्यावर बसला, आणि त्याने खिशातून कागद काढला. एकूण सोळा मुद्दे होते. मी पडद्याआडून कात्रीसारखी बोटं हलवून दाखवली. त्याने मान डोलावली आणि सातव्या मुद्द्यावर गेला. या ड्यूकने एक मेजवानी दिली होती, आणि त्यात एवढा मोठा पाव भाजला होता की आत दोन डझन वाजंत्री बसून वाजवत होते.

"हे सोडा," मी कुजबुजलो.

"हे सोडता येत नाही," तो प्रेक्षकांना उद्देशून म्हणाला. "याले आधार आहे."

खरं सांगतो, तो बोलला उत्तम. वाजंत्र्यांच्या पावावर लोक असे हसले, की मीसुद्धा घड्याळ विसरलो. सहा अडतीसला त्याने सोळावा मुद्दा संपवला, कागदाची घडी केली, "यानंतर माझा मृत्यू झाला" असं स्पष्ट सांगितलं आणि उतरून चालत आत आला.

उरली बावीस मिनिटं. मी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "मी दहात मरतो. बारा तुझी."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

आणि मी गेलो.

आता यापुढचं सांगताना मी आवाज थोडा खाली आणतो. समोर दोनशे माणसं. अंगात लाल झगा. पहिल्याच वाक्याला हशा. मी पहिली लढाई हरलो. खजिना गेला. त्यात चांदीचा एक स्नानाचा टब होता; त्या टबसाठी मी असा रडलो की पुढच्या रांगेतली एक बाई खरोखर हळहळली. मी दुसरी लढाई हरलो. हरणं मला जमत होतं. घोडा नव्हता, तो केला. शत्रू नव्हते, तेही मीच केले, तीन वेगवेगळ्या आवाजांत. मग तिसरी लढाई, बर्फ. रिकामे झालेले दोन मारेकरी दोन्ही बाजूंनी पोती घेऊन उभे होते, त्यांनी थर्माकोल सोडला. वर एसी पूर्ण वेगाने चालू. बर्फ खाली पडायचं सोडून वर गेला, फिरला, पखवाजवाल्याच्या तोंडावर गेला, पहिल्या तीन रांगांवर गेला. लोक हसत हसत केसांतून मणी काढायला लागले, आणि मी त्या वादळावर बोलायला लागलो. पेटीवाल्याने मरणाची चाल धरली. मी मेलो नाही. त्याने ती पुन्हा धरली. मी बाकड्यावर बसलो आणि म्हणालो, की ज्याने बाहरीनचा ऑगस्ट पाहिला आहे त्याला बर्फ काय मारणार. टाळ्या. पेटीवाल्याने तिसऱ्यांदा धरली.

मी दादाला शिव्या घातल्या होत्या. सज्जनाला कात्री दाखवली होती. आणि मी बसलो होतो, आणि उठवणारं कोणी नव्हतं.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. फार मोठा नव्हता.

"बाबा, उजवीकडे बघा."

मी उजवीकडे बघितलं. स्विचबोर्डपाशी मॅनेजर उभा होता, आणि त्याचा हात बटणावर होता. सातला दोन मिनिटं.

"बाबा, डावीकडे बघा."

डावीकडे हिरवी साडी होती. ती आत आली होती. बाप मेलेला नसताना, कोणी बोलावलेलं नसताना, पेटीने वर्दी दिलेली नसताना. तिने बाकड्याकडे बघितलं नाही. बाकडं तिथे आहेच असं धरून ती बसली. आमचं बाकडं दोन माणसांचं नाही. मला कोणी उठवलं नाही, हे मी आजही कोणालाही शपथेवर सांगेन. ती बसली, आणि मी दुसऱ्या टोकाने खाली थर्माकोलात गेलो.

हसण्याची लाट आली. राणी थांबली. लाट गेली. मग तिने माझ्यावरून नजर उचलली आणि थेट मॅनेजरकडे बघितलं.

"आलात?" ती म्हणाली. "माझे बाबा अजून नीट पडले पण नाहीत, आणि तुम्ही माझं राज्य घ्यायला आलात?"

सगळा हॉल वळून मॅनेजरकडे बघायला लागला. त्याने मागे वळून बघितलं, की आपल्यामागे कोणी आहे का. मागे भिंत होती.

पदर सावरत मावशी आत आली. हो, अशा वेळी मावशी आली असंच म्हणावं लागतं. "बसा म्हणून सांग गो तेंका. शेजारचे राजे ते. चाय घेतल्याशिवाय राज्य घेवन जातले काय?"

मॅनेजरला मराठी येत नाही. पण आपण नाटकात आहोत आणि नाटकात वाईट माणूस आहोत, एवढं त्याला कळलं, आणि ते त्याला सहन झालं नाही. त्याने पाच बोटं वर केली.

"पाच नाही," राणी म्हणाली, आणि सात बोटं दाखवली.

त्याने घड्याळ बघितलं, दाराबाहेर बघितलं. मान डोलावली. मग आपलाही काही मान राहावा म्हणून दिव्यांचं सोडून त्याने एसीचं बटण बंद केलं.

"आता सही करा," ती म्हणाली. मावशीने सज्जनाचा सोळा मुद्द्यांचा कागद पैदा केला आणि राणीसारखी चालत जाऊन मॅनेजरपुढे धरला. त्याने मुकाट्याने सही केली. पडद्याआडून सज्जनाचा कळवळलेला आवाज आला, "उलटं आहे हे. सही तिनं केली होती."

एसी थांबला तसा हवेतला सगळा थर्माकोल सावकाश खाली यायला लागला. खराखुरा बर्फ पडावा तसा. तो माझ्यावर पडला. मी मेलो होतो, हलता येत नव्हतं, आणि एक मणी माझ्या नाकपुडीत होता.

मग ती बोलली. सात मिनिटं. तिच्या बोलण्यात 'ळ' जवळजवळ नव्हता. मधे मधे शब्द सापडायचा नाही, तेव्हा ती थांबायची आणि हात पुढे करायची, आणि मावशी तो शब्द तिच्या हातात ठेवल्यासारखा हळूच सांगायची. बर्फात बापाला शोधायला गेलेल्या लोकांनी त्याला पडलेल्या दातांवरून आणि वाढलेल्या नखांवरून ओळखलं, हे तिने सांगितलं. मग खाली वाकून माझ्याकडे बघितलं. "हेच माझे बाबा. नखं तीच आहेत. आणि मेल्यावर पण पोट हलतंय."

लोक हसले. ती थांबली. हसू ओसरल्यावर परत बोलायला लागली. एकदा नाही, चार-पाच वेळा असं झालं. हसणं संपायची वाट बघणं हे मला पंधरा वर्षं स्टेजवर काढूनही जमलं नव्हतं. मी तर ते सुरू असतानाच पुढचं बोलतो.

आणि मला हसायचं होतं. पोटातून, तोंड उघडून, अकरा वर्षांचं साठलेलं. माझी मुलगी दोनशे माणसांसमोर एका शेजारच्या राजाला मराठीत झापत होती, आणि मला ओठ घट्ट मिटून, नाकात मणी घेऊन, उताणं पडून राहायचं होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला अभिनय तो, आणि तो कोणीही बघत नव्हतं.

सात मिनिटं झाली. निबंधाप्रमाणे तिला आता घोड्यावरून पडून मरायला हवं होतं. ती मेली नाही. तिने सभेला नमस्कार केला आणि बाकड्यावरून आपणहून उठली. मॅनेजरने दिवे बंद केले. तोही टाळ्या वाजवत होता, त्यामुळे दुसरं बटण जरा उशिरा लागलं. अंधार झाल्यावर मी शिंकलो.

खाली गाडीपाशी दादा भेटला. "माका मर मर म्हणी होतंस," तो म्हणाला. "तू तरी खय वेळेर मेलंस?" मी त्याला सांगितलं, की मला गादीवरून लोटण्यात आलं. मावशी हातात लुगडं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मिशी आता पुढल्या वर्सापर्यंत ठेवतंय. पण ह्या पोराक पुण्याहून सुट्टी मिळाली तर माका आधी सांगा. उगाच काढूक नको."

आम्ही गाडीत बसलो. मुलगी पुढे, केसांत थर्माकोल. मी गाडी मागे घ्यायला लागलो. ती काच खाली करून मान बाहेर काढायची, ती आज काढली नाही. माझ्याकडे बघत बसली होती.

"बाबा, तुम्ही हसला नाहीत," ती म्हणाली.

"मेलो होतो ना."

तिने केसांतला एक मणी काढून डॅशबोर्डवर ठेवला.

"आता हसा," ती म्हणाली. "पण आधी उजवीकडे बघा. खांब आहे."